सायकल चालवणाऱ्यालाही बीपी असतो

“मी दिवसाला तीस किलोमीटर सायकल मारतो. मला कसला बीपी?” रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही रक्तदाब मोजायला बसतो तेव्हा हे वाक्य हमखास कानावर येतं. एमआयडीसीत कंत्राटावर जाणारे असं बोलतात, दूध घालणारे बोलतात, रात्रपाळीचे वॉचमन बोलतात. हात पुढे करा म्हटलं की हसतात आणि मागच्या म्हाताऱ्या बाबांना पुढे ढकलतात. आज आम्ही अशाच एका भावाविषयी लिहीत आहोत. लिहायला त्याने परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाला. तो वार्ताहर आहे आणि बोईसर, पालघर, तारापूर या पट्ट्यातल्या बातम्या सायकलवरून गोळा करतो.

वार्ताहर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा माईक येतो. तालुक्यातला वार्ताहर वेगळा. त्याला पगार नसतो. छापून आलेल्या बातमीमागे थोडे पैसे, जाहिरात आणली तर तिचं कमिशन. पीएफ नाही, ईएसआय नाही, आजारपणाची रजा नाही. या भावाकडे मोटारसायकल होती. बातमीचे पैसे पेट्रोललाच जायला लागले तेव्हा ती विकली आणि सायकल घेतली. बातमीदारीवर घर चालत नाही म्हणून त्याने पेपरची लाईनही घेतलेली आहे.

पहाटे पाचला बोईसर स्टेशनवर गठ्ठे घ्यायचे, सातपर्यंत घरोघर पेपर टाकायचे, मग टपरीवर चहा आणि खारी. त्यानंतर कुठे पाण्याचा मोर्चा, कुठे ग्रामपंचायतीतली भांडणं, कुठे शाळेचं छप्पर उडालेलं. आठवड्यातून दोनदा तरी कोळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात जाणं होतं. बोईसरहून ते दहाएक किलोमीटर, आणि तेवढंच परत. मच्छीमारांची बातमी असली की नवापूर, दांडी, मुरबे अशा किनाऱ्याच्या गावांकडे. दुपारचं जेवण म्हणजे दोन वडापाव, तेही उभ्याने. संध्याकाळी मोबाईलवर बातमी टाइप करून पाठवायची, मग ऑफिसचा फोन येतो, फोटो पुन्हा पाठवा. रात्री अकराला जेवण, एकला पाठ टेकते. एमआयडीसीत काही झालं तर तीही टेकत नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा हा सायकल घेऊन तिकडे धावला होता. त्या दिवशी पॅडल कसं मारलं ते आठवत नाही, असं तो सांगतो.

त्याचे आकडे असे. पहिल्यांदा मोजला तेव्हा १६८/१०४. तो नुकताच सायकलवरून उतरला होता म्हणून पाच मिनिटं शांत बसवून परत मोजला, १६२/१००. पुढच्या रविवारी १५८/९८. उपाशीपोटी साखर १३८, काही दिवसांनी परत १३२. वय ४६. हातपाय काटक, पण कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर.

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असा दाब वेगवेगळ्या दिवशी दोनदा आला तर तो उच्च रक्तदाब. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर मधुमेह. आपल्याकडच्या पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की पोटात चरबी साठते आहे असं धरायचं, मग माणूस लांबून कितीही सडपातळ दिसो. म्हणजे तीस किलोमीटर सायकल मारणाऱ्या या भावाला तिन्ही गोष्टी होत्या. आणि त्याला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. बीपीची हीच खोड आहे. तो बोलत नाही. आतल्या आत मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या कडक करत राहतो.

मग सायकल मारून उपयोग काय, असा प्रश्न त्याने आम्हाला रागानेच विचारला. उपयोग आहे, मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल करायला सांगते की जिच्यात श्वास थोडा वाढतो. याची ती दोन-तीन दिवसांतच पूर्ण होते. रोजच्या सायकलने हृदय बळकट होतं, साखर स्नायूंमध्ये खेचली जाते, झोप लागते, मन हलकं होतं. पण व्यायामाने रक्तदाब उतरतो तो साधारण पाच ते आठ अंकांनी. १६५ चा १५८ होतो. १२० होत नाही. सायकल नसती तर याचा आकडा आणखी वर असता इतकंच. लोक व्यायामाला औषधाच्या जागी बसवतात तिथे घात होतो.

दुसरं गणित खाण्याचं. साठ-सत्तर किलोचा माणूस सावकाश बारा किलोमीटर सायकल चालवतो तेव्हा सुमारे तीनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. म्हणजे कोळगावला जाताना जे जाळलं ते तिथल्या गाडीवर एका वडापावात परत भरलं, आणि दुसरा वडापाव पोटावर बसला. चहाचं तर विचारूच नका. वार्ताहराला कुणीही चहाशिवाय सोडत नाही. पोलीस ठाण्यात चहा, पंचायतीत चहा, मोर्चेकऱ्यांकडे चहा. आम्ही त्याच्याकडून एक दिवस मोजून घेतले तर दहा कटिंग निघाले. एका कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरली तरी पंधरा चमचे, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम साखर नुसती चहातून. दिवसभरात सगळी मिळून वरची साखर पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत असेल तर उत्तम.

मिठाचंही तसंच. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. आपल्या भागात सुकट, सुके बोंबील, खारं हे गरिबाचं मोठं प्रथिन आहे. ते सोडा असं आम्ही कधीच सांगणार नाही. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, ते पाणी ओतून टाका, पुन्हा धुवा आणि मग कालवणात वेगळं मीठ घालू नका. वडापावासोबतची मीठ लावलेली मिरची, फरसाण, पापड, लोणचं यांतलं मीठ कुणी मोजत नाही. “घाम येतो म्हणून मीठ जास्त लागतं” हा समजही पक्का बसलेला आहे. रोजच्या जेवणातलं मीठ बहुतेक कामांना पुरतं. उन्हात दोन-तीन तास घाम गाळला तर आधी पाणी प्यायचं. फारच घाम गेला तर चिमूटभर मिठाचं लिंबूपाणी ठीक, पण बीपी असलेल्याने ते रोजचं करू नये. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा.

झोप हा भाग लोकांना आजार वाटतच नाही. रात्री शरीर झोपलं की रक्तदाबही खाली येतो, रक्तवाहिन्यांना तेवढी विश्रांती मिळते. चार तास झोपणाऱ्याला ती मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की दाब चढलेलाच राहतो, भूक वाढते, गोड-तळकट खावंसं वाटतं. त्यात मनावरचा ताण. आपल्या वस्तीतली बातमी आतल्या पानावर चार ओळींत जाते, सत्काराची बातमी फोटोसकट पुढे येते, आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. हे सगळं तो रोज गिळतो. त्यावर तंबाखू-चुना. तंबाखूने प्रत्येक वेळी रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. दिवसातून बारा वेळा मळली तर बारा वेळा.

पत्रकारिता ही आपल्या चळवळीत पोटापाण्याची गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, पुढे ‘जनता’, आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. रात्र रात्र जागून लिहिणं, वाचणं, त्यातच कोर्ट, सभा, संसद. मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने शेवटच्या वर्षांत चालणं कठीण झालं होतं. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा वय ६५. आपण हे त्याग म्हणून सांगतो आणि ते खरंच आहे. पण परिचारिका म्हणून आम्हाला त्यात मधुमेहही दिसतो. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या आणि घरच्या घरी साखर मोजायचं यंत्रही नव्हतं.

मान्यवर कांशीराम साहेबांचं उदाहरण तर आजच्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत ते नोकरीला होते. बाबासाहेब जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, त्याविरुद्धच्या लढ्यात ते उतरले आणि पुढे नोकरीच सोडली. ‘द ऑप्रेस्ड इंडियन’ या मासिकाचं संपादन त्यांनी केलं. १५ मार्च १९८३ ला, स्वतःच्या वाढदिवसाला, डीएस-फोरची सायकल यात्रा काढली. शंभर सायकलस्वार, सात राज्यं, चाळीस दिवस. पैसा नसलेल्या समाजाकडे दोन पाय आणि दोन चाकं आहेत, त्यावर देशभर पोचता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. संपादक आणि सायकलस्वार एकाच माणसात पाहायचे असतील तर आपल्याला लांब जावं लागत नाही. पण याच माणसाला पुढे मधुमेह आणि उच्च रक्तदाब होता. २००३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. देशभर फिरणारा हा माणूस तीन वर्षं अंथरुणाला खिळून राहिला आणि ९ ऑक्टोबर २००६ ला दिल्लीत गेला.

एकेका माणसाचा आजार कशामुळे झाला हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि आम्ही ते ठरवत नाही. शरीराचा नियम मात्र सगळ्यांना सारखा आहे. व्यायाम बँकेत ठेवता येत नाही. पाच वर्षं सायकल चालवली आणि मग सोडली तर त्याचा फायदा काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरायला लागतो. “तरुणपणी खूप हाणली आहे” हे पन्नाशीत कामाला येत नाही. आणि मधुमेह-बीपी एकत्र असतील तर पक्षाघाताचा धोका वाढतो, मग तो नेता असो की पेपर टाकणारा.

वर्षावासात आपण सोण कोलिविसाची कथा वाचतो. लाडात वाढलेला, तळपाय कोवळे. भिक्खू झाल्यावर चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी हाती काही लागेना म्हणून तो निराश झाला. भगवान बुद्धांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर नीट येत नाही, सैल सोडल्या तरी येत नाही. आमचा हा भाऊ रोज तारा ताणतो आहे. झोपेची तार तुटायला आली आहे आणि जेवणाची पार सैल पडली आहे.

आता काय करायचं ते. त्याला आम्ही आधी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली. दहा दिवसांनी त्याने ती बंद केली, कारण आकडा १३६ वर आला होता. हे इतक्या घरांत होतं की ठळक अक्षरात लिहायला हवं. आकडा खाली आला तो गोळीमुळे आला. गोळी सोडली की परत चढतो. गोळीची सवय लागते, एकदा घेतली की जन्मभर घ्यावी लागते म्हणून सुरूच नको, असंही लोक म्हणतात. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी ठेचकाळत चालत नाही. ॲम्लोडिपिनसारख्या गोळीने कधी पायाला सूज येते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. आपल्या मनाने थांबवू नका.

गुडघ्याचं दुखणं आणि बीपी यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. सायकलवाल्यांचे गुडघे दुखतात, मग मेडिकलमधून दहा रुपयांच्या दोन गोळ्या. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर घाव बसतो. बीपी-साखर असलेल्याला तर जास्तच धोका. आमच्या भावाच्या खिशातही पट्टी निघाली. त्याच्या गुडघ्याचं कारण खरं तर सायकलच्या सीटमध्ये होतं. सीट इतकी खाली की गुडघे छातीकडे यायचे. सीट बरोबर आहे का हे असं बघा: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पॅडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुकानदाराने पाच मिनिटांत सीट वर केली, पैसेही घेतले नाहीत. चाकात हवा भरलेली असली, चेनला तेल असलं की गुडघ्यावरचा भार तसाच कमी होतो. हाताची करंगळी बधीर होत असेल तर हँडलवर अंग टाकून बसता असं समजा. दर थोड्या वेळाने हाताची जागा बदला.

हवेचं काय करायचं याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा आकडा ९३.६९ होता, देशात सर्वांत वर. सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, त्याच्या बातम्या याच वार्ताहरांनी सायकल मारत दिल्या. सायकल चालवताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, म्हणजे तेवढंच विषही. त्यामुळे जिथे पर्याय असेल तिथे कारखान्यांच्या आणि टँकरच्या रस्त्याऐवजी आतला रस्ता घ्या, मग दोन किलोमीटर वाढले तरी चालतील. हिवाळ्यात पहाटे धूर खाली बसलेला असतो, ऊन वर आल्यावर तो उठतो. पेपरवाल्याला पहाट टाळता येत नाही, पण नुसता व्यायाम म्हणून सायकल चालवणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत सूर्य वर आल्यावरच निघावं. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. ओला रुमाल तर दोन्ही नीट अडवत नाही. वायुगळती झाली असेल तर वारा कुठून कुठे वाहतो ते बघा, वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघा आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. फोटोसाठी जवळ जाऊ नका. खोकला, डोळ्यांची आग, छाती आवळणं सुरू झालं तर बातमी तिथेच थांबवा.

टँकरबद्दल एवढंच की त्याच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका, वळताना चालकाला सायकल दिसत नाही. मागच्या चाकाला चमकणारी पट्टी आणि लाल दिवा लावा.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी सायकल काढू नये. साखर एकदम खाली गेली तर घाम फुटतो, हातपाय कापतात, डोकं चालेनासं होतं. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. असं वाटताच उतरा, ती तोंडात टाका, नंतर काहीतरी खा. रोज रात्री तळपाय बघा. चपलेचा फोड मधुमेह्याला दुखत नाही, म्हणून तो चिघळतो. पावसाळ्यात ओल्या बुटात दिवसभर पाय ठेवणाऱ्यांनी तर बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच झोपावं.

वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सायकलवर बसू नका. चढावर छातीत दाब येणं, डावा हात किंवा जबडा भरून येणं, नेहमीच्या रस्त्यावर अचानक धाप लागणं, ही ॲसिडिटी नसते. थांबा आणि १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम आणि अशक्तपणाही येतो. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं जडावणं, यातलं एकही दिसलं तर तो पक्षाघात. पाणी पाजू नका, मालीश करू नका, अंगारा लावायला कुणाकडे नेऊ नका. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पोचवा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या भागातून मोठ्या रुग्णालयात पोचायलाच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून “सकाळी बघू” हे शब्द घरात काढायचे नाहीत.

पैशाची अडचण खरी आहे, पण तपासणीसाठी ती नाही. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईंना विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. गोळ्या एका वेळी महिन्याच्या मागा, म्हणजे दर आठवड्याला रोजगार बुडणार नाही. गोळी संपल्याचं सांगितलं तर कधी येईल ते लिहून मागा. वार्ताहर बंधूंनी अधिस्वीकृती मिळते का ते बघावं. अधिस्वीकृतीधारकांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आहे, आणि शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधीतून पत्रकारांना आजारपणात मदत मिळते. खेड्यापाड्यातल्या बहुतेकांकडे अधिस्वीकृतीचं कार्ड नाही. ज्यांच्या नियुक्तीचाच कागद नसतो ते कार्डासाठी पुरावा कुठून आणणार, हा प्रश्न पत्रकार संघटनांनी लावून धरायला हवा. सत्काराचे कार्यक्रम थोडे कमी झाले तरी चालतील.

आमच्या भावाचं काय बदललं? चार महिन्यांनी १३८/८६. गोळी चालू. चहा दहावरून चारावर, त्यातले दोन बिनसाखरेचे. टपरीवाल्याने आधी चेष्टा केली, आता तो विचारूनच साखर घालतो. दुपारी डब्यात दोन भाकऱ्या, चवळी नाहीतर वाल आणि कांदा. रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस. झोप साडेपाच तासांवर आली, त्यापुढे जात नाही. तंबाखू सुटलेली नाही. कमर ९५.

एक तपासणी अजून राहिली आहे. डबा करायला त्याची बायको पहाटे साडेचारला उठते. तिच्या बीपीचं विचारलं तर म्हणाली, “मी तर घरातच असते, मला काय होणार.” नवरा म्हणतो सायकल मारतो म्हणून होणार नाही, बायको म्हणते घरात असते म्हणून होणार नाही. दोघांच्या कालवणात मीठ मात्र एकाच डब्यातलं. बाईचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर तिलाही मोजून घ्यायला हवं, आणि गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती अशा प्रत्येक बाईने तर दरवर्षी. विहारात मशीन आली की बाया मुलांना धरून मागे उभ्या राहतात आणि पुरुषांची रांग संपेपर्यंत स्वयंपाकाची वेळ होते. यापुढे रविवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ आम्ही आधी बायांचा दाब मोजू. येताना अर्धा तास आधीपासून चहा आणि मशेरी नको, लघवीला जाऊन या, आणि जुनं कार्ड असेल तर ते सोबत आणा.